ह्वे : स्वतःचा मृत्युलेख लिहिणारा राजा

आज एका गावाबद्दल बोलायचं आहे, आणि खरं म्हणजे त्या गावातल्या एका दगडाबद्दल. गाव व्हिएतनाममधलं ह्वे. दगडाकडे मी थोड्या वेळानं येतो, कारण तिथं पोचायला किल्ल्यातून जावं लागतं.

हल्ली आपल्याकडून व्हिएतनामला जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. तुमच्यातलेही काही जाऊन आले असतील. हनोई, हा लाँगचा समुद्र, दा नांग, होई आन, आणि मध्ये कुठंतरी एक दिवस ह्वे. सकाळी राजवाडा, दुपारी एकदोन समाध्या, संध्याकाळी बस. आम्ही सहाजण गेलो होतो ते चार दिवस राहिलो. चार दिवसही कमी पडले, पण त्याचं एक कारण असं की आमच्यातल्या तिघांचे गुडघे आणि ह्वेमधल्या पायऱ्या यांचं फारसं जमलं नाही.

थोडा इतिहास आधी सांगतो. ह्वेची भूमी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चंपा राज्याची होती. शिवाची मंदिरं बांधणारं, संस्कृत शिलालेख कोरणारं राज्य. १३०६ साली चंपाच्या राजानं व्हिएतनामी राजकन्या हुयेन त्रान हिच्याशी लग्न केलं आणि त्या बदल्यात दोन प्रांत दिले. त्यात हा भाग व्हिएतनामकडे गेला. आपले प्रवासी तिकडे गेले की शिवलिंग शोधतात आणि सापडलं की समाधानानं परत येतात. माझी विनंती आहे की ह्वेमध्ये तेवढ्यावर थांबू नका. कारण ह्वेचं जे काही महत्त्व आहे ते नंतरचं आहे, आणि त्याची मुळं भारतात नव्हे तर कन्फ्यूशियसच्या विचारात आहेत.

१८०२ मध्ये न्गुयेन घराण्यातल्या झा लाँग या राजानं दीर्घ यादवी युद्ध जिंकून सगळा व्हिएतनाम एका सत्तेखाली आणला आणि ह्वे ही राजधानी केली. या घराण्याचे तेरा सम्राट झाले. १९४५ साली ते संपलं. म्हणजे एकूण १४३ वर्षं, आणि त्यातली शेवटची साठ फ्रेंचांच्या अंमलाखाली.

किल्ल्याचं बांधकाम १८०५ मध्ये सुरू झालं आणि झा लाँगचा मुलगा मिन्ह मांग याच्या काळात, १८३२ मध्ये पुरं झालं. बाहेरची तटबंदी सुमारे दहा किलोमीटरची, चोवीस बुरूज, भोवती खंदक. आत दुसरी भिंत, तिच्या आत सम्राटाचं खासगी निवासस्थान. पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी. बुरुजांची रचना बघितली तर ती फ्रेंच आहे, व्होबाँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच अभियंत्याच्या पद्धतीची. तोफेच्या माऱ्याचा हिशेब करून काढलेले कोन. झा लाँगच्या पदरी फ्रेंच अधिकारी होतेच. पण किल्ल्याचं तोंड कुठं असावं हे ठरलं ते भूमीच्या शुभाशुभावरून. समोर न्गू बिन्ह नावाची सपाट माथ्याची टेकडी, ती वाड्यापुढचा पडदा. नदीतली दोन बेटं, एक निळा ड्रॅगन, दुसरा पांढरा वाघ, ती दोन बाजूंचे रक्षक. मला याची फार गंमत वाटली. एकाच भिंतीत दोन तर्कशास्त्रं आहेत आणि ती एकमेकांशी भांडत नाहीत. भिंत तोफेपासून वाचवील, डोंगर अशुभापासून. प्रत्यक्षात १८८५ मध्ये फ्रेंचांपुढे दोन्ही उपयोगी पडली नाहीत.

आतल्या नगरात शिरायचा मुख्य दरवाजा म्हणजे न्गो मोन. १८३३ चं बांधकाम. त्याला पाच वाटा आहेत. मधली सम्राटाची. तिच्या दोन्ही बाजूंची दारं मुलकी आणि लष्करी मानकऱ्यांची. अगदी कडेच्या दोन वाटांनी सैनिक, हत्ती, घोडे. वर सज्जा आहे, त्याच्या मधल्या छपराची कौलं पिवळी, बाजूची हिरवी. पिवळा रंग सम्राटाचा. समाजाचा नकाशा दगडात काढलाय म्हणा ना. शेवटचा सम्राट बाओ दाय यानं ३० ऑगस्ट १९४५ रोजी याच सज्ज्यावर राजमुद्रा आणि तलवार नव्या क्रांतिकारी सरकारच्या प्रतिनिधींच्या हातात दिली आणि राज्य सोडलं. हा माणूस पुढे पुन्हा राजकारणात आला, फ्रेंचांच्या मदतीनं राष्ट्रप्रमुख झाला, पुन्हा गेला आणि १९९७ मध्ये पॅरिसमध्ये वारला. पण ते असो.

दरवाजातून आत गेलं की समोर थाय होआ, दरबाराचा महाल. लाल लाखेचे, सोनेरी ड्रॅगन काढलेले ऐंशी खांब. मोठी दुरुस्ती होऊन तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच्या मागे गेलात की मात्र थबकायला होतं, कारण मागे बराचसा भाग मोकळाच आहे. गवत आणि जोती. फेब्रुवारी १९४७ मध्ये फ्रेंच परत आले तेव्हाच्या लढाईत सम्राटाच्या निवासाचा बहुतेक भाग जळाला. मग १९६८ ची तेत सणाची लढाई. जानेवारीच्या शेवटच्या रात्रीपासून जवळजवळ महिनाभर याच किल्ल्यात घराघरांतून युद्ध चाललं. कम्युनिस्ट फौजांनी शहर घेतलं, तेव्हा त्यांनी हजारो नागरिकांना धरून मारलं, पुढे सामूहिक कबरी सापडल्या. अमेरिकन आणि दक्षिण व्हिएतनामी फौजांनी ते परत घेतलं तेव्हा तोफा आणि बाँब यांनी शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. गवताच्या त्या मोकळ्या जागेत उभं राहिल्यावर कुठल्या बाजूनं काय पाडलं हे कळत नाही.

१९९३ मध्ये युनेस्कोनं ह्वेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. व्हिएतनाममधलं ते पहिलं स्थळ. तेव्हापासून दुरुस्ती चालू आहे, आणि हल्ली पुनर्बांधणीही. किएन त्रुंग नावाचा एक महाल १९४७ मध्ये नुसत्या जोत्यापुरता उरला होता. तो आता नव्यानं उभारला आहे, २०२४ च्या सुरुवातीला खुला झाला. झगझगीत आहे. तिथं पारंपरिक पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढणाऱ्या मुलींची गर्दी असते, आणि त्या खूष असतात. मला स्वतःला तो महाल आवडला नाही. जोतं होतं तेव्हा तिथं काहीतरी घडलं होतं हे दिसत होतं. पण हे परक्या पाहुण्याचं मत झालं. ज्यांच्या आजोबांनी तो जळताना बघितला असेल त्यांना तो परत हवासा वाटला, तर मी कोण बोलणार?

पश्चिमेच्या कोपऱ्यात थे मिएउ आहे, घराण्याचं पितृमंदिर. इथं सम्राटांच्या वेद्या. आणि समोरच्या अंगणात काशाचे नऊ प्रचंड कलश, मिन्ह मांगनं १८३५ ते १८३७ या काळात ओतवून घेतलेले. प्रत्येकावर सतरा चित्रं आहेत. मला वाटलं होतं राजाचे पराक्रम असतील, तर तसं काही नाही. सूर्य, चंद्र, नद्या, डोंगर, फळं, भाज्या, पक्षी, किडे, नावा, तोफा. देशात जे जे आहे त्याची नोंद. जणू राजा म्हणतोय, माझ्याविषयी विचाराल तर हे बघा.

वेद्यांची गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. सम्राट तेरा, पण वेद्या दहा. आणि त्या दहांतल्या तीन, म्हणजे फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या हाम न्गी, थान्ह थाय आणि झुई तान यांच्या, फ्रेंच गेल्यानंतर पन्नासच्या दशकाच्या शेवटी बसवल्या. तोपर्यंत त्यांना इथं जागा नव्हती.

आता समाध्या. त्या शहराबाहेर नदीच्या काठाकाठानं टेकड्यांमध्ये आहेत. न्गुयेन सम्राट आपली समाधी जिवंतपणीच बांधायला घेत. त्यात अभद्र काही मानत नसत. उलट ते एक उपवन असे. आणि प्रत्येक समाधीत एक शिलालेख. रीत अशी की बाप वारल्यावर मुलानं, म्हणजे नव्या सम्राटानं, बापाच्या सद्गुणांचं आणि पराक्रमाचं वर्णन लिहायचं आणि ते दगडावर कोरायचं. मिन्ह मांगचा लेख त्याचा मुलगा थिएउ त्री यानं लिहिला. थिएउ त्रीचा लेख त्याचा मुलगा तू दुक यानं. मग तू दुकचा कोण लिहिणार?

तू दुकला मूल नव्हतं. शंभराहून अधिक बायका होत्या असं सांगतात. लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचा तो परिणाम असावा असं मानतात. त्यानं पुतणे दत्तक घेतले, पण स्वतःचा शिलालेख मात्र स्वतःच लिहिला. तो हा दगड. वीसेक टन वजनाची शिळा, उत्तरेकडच्या थान्ह होआ भागातून आणलेली, त्यावर चार हजार नऊशेहून जास्त चिनी अक्षरं. आणि मजकूर स्तुतीचा नाही. मी अशक्त होतो, आजारी होतो, नीट माणसं ओळखता आली नाहीत, पूर्वजांनी मिळवलेली भूमी माझ्या हातून गेली, वंश पुढे चालवता आला नाही, असा सूर आहे. भूमी खरंच गेली होती. १८६२ च्या तहानं दक्षिणेचे तीन प्रांत फ्रेंचांना द्यावे लागले, १८६७ मध्ये उरलेले तीन.

मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे या दगडापुढे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. सत्ताधारी माणूस आपल्या चुका दगडावर कोरून घेतो, ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. पहिल्यांदा मन भरून येतं. गाइड मंडळी ते नेमकं ओळखून असतात.

पण मग आजूबाजूला बघायला लागावं. या समाधीचं आवार सुमारे बारा हेक्टरांचं आहे. आत तळं, तळ्याकाठी लाकडी सज्जा, तिथं बसून राजा कविता करायचा. मंदिर, राण्यांची घरं, चक्क एक नाट्यगृह. आणि जवळजवळ प्रत्येक वास्तूच्या नावात एक शब्द: ‘खिएम’. खिएम म्हणजे विनय, नम्रता. तळ्याचं नाव खिएम, सज्जाचं नाव खिएम, नाट्यगृहाचंही खिएम. सुंदर आहे, यात वाद नाही. मिन्ह मांगची समाधी आखीवरेखीव, एका सरळ रेषेत बांधलेली. तिच्या मुख्य दरवाजाचं मधलं दार एकदाच उघडलं, त्याची शवपेटी नेताना. तू दुकची वाकडीतिकडी, झाडांतून वळणं घेत जाणारी. माणूस तिथं जगला असेल असं वाटतं.

हे काम १८६४ मध्ये सुरू झालं, दक्षिणेचे प्रांत जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. हजारो सैनिक आणि वेठबिगार. काम घाईनं उरकायचा हुकूम, मुकादमांचे फटके. त्या वेळी जागेचं नाव होतं ‘दहा हजार वर्षांची वास्तू’. लोकांत या नावावरून फार कडवट बोलणं सुरू झालं. १८६६ मध्ये दोआन त्रुंग नावाच्या माणसाच्या पुढाकारानं तिथल्या कामकऱ्यांचं बंड झालं. हातात काय, तर बांधकामाचा चुना कुटायची मुसळं. म्हणून त्या बंडाला चुन्याच्या मुसळांचं बंड असंच नाव आहे. ते लोक समाधीच्या जागेवरून रातोरात राजवाड्यावर चालून गेले. बेत होता तू दुकच्या थोरल्या भावाच्या मुलाला गादीवर बसवायचा. हा थोरला भाऊ होंग बाओ, त्याला डावलूनच तू दुक गादीवर आला होता आणि तो पुढे कैदेत मेला. बंड मोडलं गेलं, पुढाऱ्यांना ठार मारण्यात आलं.

आणि त्यानंतर राजानं काय केलं? जागेचं नाव बदललं. दहा हजार वर्षांची वास्तू होती, तिचा विनय महाल झाला. काम मात्र पुढे चालू राहिलं आणि १८६७ मध्ये पुरं झालं.

म्हणजे बघा, आपण ज्या विनयापुढे हळवे होतो, तो शब्द तिथं बंडानंतर आला आहे.

आता यावर दोन टोकाची मतं होतात. एक, हा सगळा दंभ. दुसरं, हा खरा पश्चात्ताप. मला दोन्ही पटत नाहीत. दंभ नाही असं मला वाटतं, कारण इतक्या तपशिलात, इतकी वर्षं, कोणी न मागता कुणी दंभ करत नाही. पण कन्फ्यूशियन परंपरेत राजानं स्वतःला दोष देणं ही एक जुनी, मान्य असलेली रीत होती, हे विसरू नका. चीनमध्ये दुष्काळ, पूर, पराभव झाला की सम्राट आत्मदोषाचं फर्मान काढत. हान घराण्याच्या वू सम्राटाचं इसवी सनपूर्व ८९ मधलं फर्मान प्रसिद्ध आहे. दोष घ्यायचा, कारण राज्यातल्या सगळ्याचं मूळ राजा. आणि दोष घेतला की तो मूळ आहे हेही सिद्ध होतं! म्हणजे कबुलीनं सत्ता कमी होत नाही, घट्ट होते. याच परंपरेत मेन्शियस होऊन गेला, ज्यानं दुष्ट राजाला हटवणं हा राजद्रोह मानला नाही. पण राजांच्या शिलालेखांत मेन्शियसची ही बाजू सहसा येत नाही.

माझा मुद्दा वेगळाच आहे. कबुली आणि आरोप यांत फरक असतो. कबुली देणारा आपली कलमं आपणच निवडतो. कुठली चूक सांगायची, कोणापुढे सांगायची, कुठल्या भाषेत सांगायची, सगळं त्याच्या हातात. तू दुकनं ती शास्त्रीय चिनीत सांगितली. ज्यांनी तो दगड ओढत आणला त्यांना ती वाचता येत नव्हती. आज व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात. चिनी अक्षरांवर आधारलेली सरकारी परीक्षा शेवटची ह्वेमध्ये १९१९ साली झाली. म्हणजे आज तिथं शाळेच्या सहली येतात, त्या मुलांनाही त्यातलं एक अक्षर लागत नाही. चुना कुटणाऱ्यांच्या नावाचा दगड तर त्या आवारात नाहीच.

याच्या शेजारी मी दुसरा एक मजकूर ठेवतो. १९२२ साली तेव्हाचा सम्राट खाय दिन्ह मार्सेयच्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी फ्रान्सला गेला. तिथं राहणारे सुधारक फान चाउ त्रिन्ह यांनी त्याला एक उघडं पत्र लिहिलं आणि त्यात सम्राटाचे सात गुन्हे मांडले. एकाधिकारशाही, न्यायात अन्याय, उधळपट्टी, भलते पोशाख, असे एकेक. इथं कलमं राजानं निवडलेली नाहीत. पत्र लिहिणारे १९२६ मध्ये सायगावला वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला. आणि ज्याला पत्र लिहिलं, त्याची समाधी ह्वेमध्ये बघायला मिळते. १९२० मध्ये सुरू केलेली, त्याच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये संपलेली, त्यासाठी कर वाढवलेले. सिमेंट आणि लोखंड फ्रान्सचं, आतल्या भिंती काचेच्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांच्या नक्षीनं मढवलेल्या. शंभरावर पायऱ्या. पर्यटकांना सगळ्यात जास्त हीच आवडते. कारागिरी थक्क करणारी आहे हे मान्य. मी मात्र लवकर खाली उतरलो.

तू दुकच्या कबुलीची एक उत्तरकथा आहे, ती सांगतो आणि संपवतो. जुलै १८८३ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्यानं दत्तक मुलगा झुक दुक याला वारस नेमलं होतं, पण त्याच मृत्युपत्रात वारसाचे दोषही लिहून ठेवले होते: दृष्टी अधू आहे, वागणूक चांगली नाही, वगैरे. स्वतःचे दोष दगडावर लिहिणाऱ्या माणसाला यात काही गैर वाटलं नसावं. वारसाला मात्र ते दरबारात वाचलं जायला नको होतं. वाचन करणारे त्रान तिएन थान्ह हे राजप्रतिनिधी त्या जागेला आल्यावर आवाज इतका खाली नेऊन वाचू लागले की कोणाला काही ऐकूच येईना. इतर दोन राजप्रतिनिधींनी हेच निमित्त धरलं. मृत्युपत्र लपवलं असा ठपका ठेवून झुक दुकला तिसऱ्या दिवशी पदच्युत केलं आणि कोठडीत डांबलं. तिथं तो उपासमारीनं मेला. त्रान तिएन थान्ह यांचाही काही महिन्यांत खून झाला. चार महिन्यांत गादीवर तीन राजे येऊन गेले, दोन वर्षांत फ्रेंचांनी ह्वे लुटलं.

पितृमंदिरात ज्या तिघांच्या वेद्या नाहीत म्हटलं, त्यांतला एक हा झुक दुक. त्याची समाधी आन लांग, शहराच्या दक्षिणेला, फार लांब नाही. त्याचा मुलगा थान्ह थाय पुढे सम्राट झाला, त्यानं ती बांधून घेतली. या थान्ह थायला फ्रेंचांनी १९०७ मध्ये गादीवरून काढलं. मग त्याच्या मुलाला, झुई तानला, लहान वयात गादीवर बसवलं. त्यानं १९१६ मध्ये उठावाचा प्रयत्न केला. बापलेक दोघांनाही रियुनियन बेटावर हद्दपार केलं. बाप १९४७ मध्ये परत येऊ शकला. मुलगा १९४५ च्या डिसेंबरात आफ्रिकेत विमान अपघातात गेला आणि त्याचे अवशेष १९८७ मध्ये ह्वेला आणले. आज आजोबा, मुलगा आणि नातू एकाच आवारात आहेत.

तिथं तळं नाही, दगडी मानकरी नाहीत, हत्तीघोडे नाहीत, शिलालेखाची छत्रीही नाही. आम्ही गेलो त्या सकाळी आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं, उदबत्ती लावायला आलेलं. तुमचा दौरा ठरत असेल तर एजंटाला हे नाव आधीच लिहून द्या, कारण त्याच्या यादीत ते नसतं. आणि तू दुककडे जाल तेव्हा शिलालेखाचं भाषांतर वाचून जा, तिथं लावलेली पाटी पुरेशी नाही.

प्रश्न असतील तर घेऊया.